सिंगापूरची बेरोजगारी: आकडा कुणाचा?

गेल्या वर्षी जूनमध्ये ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "अगं, मनुष्यबळ मंत्रालयाचं पत्र आलंय. माहिती भरावीच लागते म्हणे. तू आकड्यांचंच शिकलीयेस ना, ये जरा." काका-काकू इथे अठरा वर्षं आहेत, दोघंही पर्मनंट रेसिडेंट. मी गेले. पत्र साधंच होतं. तुमचं घर श्रमशक्ती पाहणीसाठी निवडलं गेलंय, ऑनलाइन माहिती भरा, अडचण आली तर फोन करा. काकांचं पाच मिनिटांत आटोपलं. काकूंच्या पाळीला प्रश्न आला, तो साधारण असा: गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी काही काम केलंत का?

"छे, मी कुठे काम करते," म्हणत त्या 'नाही'वर बोट ठेवायला निघाल्या. मागे ओट्यावर सहा डबे ओळीने मांडलेले होते. शेजारच्या दोन ब्लॉकमधली मराठी मुलं त्यांच्याकडून आठवड्याला डबे नेतात आणि महिन्याच्या महिन्याला पैसे देतात. मी म्हटलं, "काकू, हे डबे?" त्या हसल्या. "ते काय काम आहे का? स्वयंपाक तर करतेच ना घरचा."

काम कशाला म्हणायचं, हा प्रश्न जगातल्या सगळ्या सांख्यिकी खात्यांनी आपल्यापुरता सोडवून टाकलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे आठवड्यात एक तास जरी पैशासाठी, नफ्यासाठी किंवा घरच्या धंद्यात काम केलं, तरी माणूस 'रोजगारात' धरला जातो. सिंगापूरचीही तीच व्याख्या. ज्याच्याकडे काम नाही, जो काम मिळालं तर करायला तयार आहे आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत ते शोधलंही आहे, तो बेरोजगार. ज्याच्याकडे काम नाही आणि ज्याने शोधलंही नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर. या हिशेबाने काकू रोजगारात होत्या, पण 'नाही' म्हटल्या असत्या तर थेट बाहेर गेल्या असत्या. एक तास ही अट ऐकायला हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. देशात एकूण किती काम झालं याचा मेळ उत्पादनाच्या आकड्यांशी घालायचा तर थोडंसं कामही मोजावं लागतं. कमी तास मिळतात आणि जास्त हवे आहेत, अशांसाठी वेगळा रकाना असतो. इथे नेहमी आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी काम करणारे, पण जास्त करायला तयार आणि मोकळे असलेले लोक त्यात येतात. काम मिळणारच नाही म्हणून शोधणं सोडलेल्यांचाही आकडा वेगळा छापतात.

काकूंनी शेवटी 'हो' म्हटलं, थोड्या नाखुशीने. घरी आल्यावर मी या पाहणीवर आधारलेला वार्षिक अहवाल पुन्हा काढला. 'लेबर फोर्स इन सिंगापूर' हे त्याचं नाव. माझी पीएचडी घरोघरच्या पाहण्यांमध्ये नमुना कसा निवडतात, यावर होती. त्यामुळे असे अहवाल मी निष्कर्षापासून नाही, शेवटून वाचायला सुरुवात करते. व्याप्ती, व्याख्या, तळटीपा आधी, तक्ते नंतर. पुस्तकाची समीक्षा होते तशी अहवालाचीही व्हायला हवी असं मला वाटतं. अहवालालाही रचना असते, निवेदक असतो आणि त्याने कुणाला पात्र म्हणून घेतलं, कुणाला नाही, हेही असतं.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते बरंच आहे. ही पाहणी १९७४ पासून चालू आहे. वर्षाच्या मध्यावर होणाऱ्या मोठ्या फेरीत सुमारे ३३ हजार घरं निवडली जातात. सिंगापूरएवढ्या देशासाठी हा नमुना मोठाच आहे. उत्तर देणं सांख्यिकी कायद्याने बंधनकारक आहे. पाहणीशिवाय आणखी तीन स्रोत आहेत. रोजगार किती वाढला किंवा घटला, हे स्थानिकांच्या बाबतीत सीपीएफच्या, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या, नोंदींवरून काढतात. नोकरी आहे म्हटल्यावर दर महिन्याला वर्गणी जाते, म्हणजे नोंद होते. परदेशी कामगारांचा आकडा वर्क पासच्या नोंदींवरून येतो. आणि कपात, रिक्त जागा, कामाचे तास यांसाठी आस्थापनांची तिमाही पाहणी असते. तिच्यात खाजगी क्षेत्रातल्या २५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापना आणि सरकारी क्षेत्र येतं. स्वयंरोजगारी लोक सीपीएफच्या नोंदीत नीट सापडत नाहीत, म्हणून त्यांचा अंदाज पुन्हा घरोघरच्या पाहणीतून घेतात. चार ओढे एका पात्रात आणून सोडायचे आणि तेही ठरल्या वेळी, हे सोपं काम नाही. तक्ते नेटके, व्याख्या स्पष्ट, लपवाछपवी नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण पुढची टीका लपवाछपवीची नाही.

टीका शीर्षकापासून सुरू होते. 'सिंगापूरमधली श्रमशक्ती' असं नाव असलेल्या या अहवालातले बहुतेक सगळे तक्ते फक्त निवासींचे आहेत, म्हणजे नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट यांचे. पाहणी खाजगी घरांमध्ये होते. बांधकामाच्या जागी, कामगारांच्या डॉर्मिटरीत किंवा कामाच्याच ठिकाणच्या खोल्यांत राहणारे तिच्यातून वगळले आहेत. रोज सकाळी जोहोरहून सीमा ओलांडून कामाला येणारेही वगळले आहेत. हे सगळं व्याप्तीच्या टिपेत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ती टीप किती जण वाचतात?

वगळलेले किती, याचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. डिसेंबर २०२३ अखेर सिंगापूरमध्ये सुमारे १५ लाख २५ हजार परदेशी लोक कामाला होते. त्यात एम्प्लॉयमेंट पासवरचे, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण, सुमारे २ लाख ५ हजार. बांधकाम, जहाजबांधणी आणि प्रक्रिया उद्योगांतले वर्क परमिटवरचे सुमारे ४ लाख ४१ हजार. घरकामासाठी आलेल्या बाया सुमारे २ लाख ८६ हजार. त्यांना तर रोजगारवाढीच्या ठळक आकड्यातूनही बाजूला काढलेलं असतं. एकूण काम करणाऱ्यांत दर पाचांमागे जवळजवळ दोन जण परदेशी आहेत. म्हणजे शीर्षकात ज्या श्रमशक्तीचं नाव आहे, तिच्यातले पाचांतले दोन तक्त्यांत नाहीत.

यावर एक रास्त उत्तर आहे आणि ते मी स्वतःच स्वतःला बराच काळ देत होते. नमुना पाहणी कशासाठी करायची? सगळ्यांना मोजता येत नाही म्हणून. परदेशी कामगार तर एकूण एक मोजलेले आहेत. प्रत्येकाच्या नावाचा पास आहे, पासवर मालकाचं नाव आहे, पास रद्द झाला की त्याच दिवशी आकडा एकाने कमी होतो. नमुन्यात चूक होते, इथे तीही नाही. मग तक्रार कसली?

तक्रार ही की दोन्ही पद्धती एकाच गोष्टीची माहिती देत नाहीत. पाहणी माणसाला विचारते. पासची नोंद मालकाने भरलेली असते. माणूस किती तास राबला, त्याला आणखी तास हवेत की कमी, तो दुसरं काम शोधतोय का, शोधून थकलाय का, हे त्यालाच विचारावं लागतं. पासच्या नोंदीत पास आहे किंवा नाही, एवढंच कळतं. इथला निवासी एखाद्या दिवशी रोजगारात असेल, बेरोजगार असेल किंवा श्रमशक्तीबाहेर असेल. डॉर्मिटरीतला माणूस फक्त असतो किंवा नसतो. 'बेरोजगार' हा रकाना त्याला उपलब्धच नाही.

हा फरक कागदी वाटत असेल तर २०२० चं वर्ष आठवा. त्या वर्षी एकूण रोजगार, घरकामगार सोडून, १,६६,६०० ने घटला. फोड अशी होती: निवासींचा रोजगार १४,९०० ने वाढला आणि परदेशींचा १,८१,५०० ने घटला. महामारीच्या वर्षात, अर्धं शहर बंद असताना, निवासींचा रोजगार वाढला. सरकारच्या वेतन-अनुदानाचा त्यात वाटा होताच, ते श्रेय द्यायला हवं. पण धक्का कुठे गेला तेही दिसतंय. त्या वर्षाचा सरासरी बेरोजगारी दर होता निवासींसाठी ४.१ टक्के, नागरिकांसाठी ४.२ टक्के आणि एकूण ३.० टक्के. परदेशी मिळवले की दर कमी होतो, कारण भागाकारात खाली ते सगळे येतात आणि वर त्यांची फारशी भर पडू शकत नाही. काम गेलं की पास गेला, पास गेला की माणूस गेला. ते १,८१,५०० म्हणजे एकूण श्रमशक्तीच्या जवळपास पाच टक्के होते. ते सगळे बेरोजगार होते असं मी म्हणत नाही. काही आपणहून परतले, काही सीमा बंद झाल्याने अडकले. पण त्यांच्यातल्या किती जणांचं काम गेलं म्हणून ते गेले, हे या बेरोजगारी दरात कुठेच येत नाही. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, एकूण रोजगार २,२७,८०० ने वाढला आणि त्यातली बहुतेक वाढ परदेशींचीच होती. पाणी ओसरलं तसं पुन्हा भरलं. मधल्या दोन वर्षांत ते तामिळनाडूच्या किंवा बांगलादेशाच्या कुठल्या गावात काय करत होते, त्याचा हिशेब तिथल्या आकडेवारीत गेला.

त्याच वर्षी डॉर्मिटरींत काय झालं ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. वर्षाअखेरीस सरकारनेच जाहीर केलं की तिथल्या ४७ टक्के कामगारांना संसर्ग होऊन गेला होता. तेव्हा अनेक सिंगापूरकर म्हणाले, हे लोक इतक्या दाटीने राहतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. मला त्यात ढोंग दिसलं नाही. ज्या घरांत कुणी प्रश्न विचारायला जात नाही, त्या घरांबद्दल माहिती नसते.

आता आपल्याबद्दल. या मासिकाचे वाचक डॉर्मिटरीत राहत नाहीत आणि आपली गणना त्या लोकांत करायची सवयही आपल्याला नाही. पण रकान्यांच्या दृष्टीने आपल्यातले बरेच जण त्यांच्याच शेजारी आहेत. मी एम्प्लॉयमेंट पासवर पोस्टडॉक आहे. माझा करार मार्चमध्ये संपतो. तो वाढला नाही तर मी कपातीत मोजली जाणार नाही, कारण कपात म्हणजे कायम नोकरी अनावश्यक ठरवून काढणं किंवा करार मुदतीआधी तोडणं. मुदत संपणं ही कपात नव्हे. पास रद्द झाला की साधारण तीस दिवसांचा अल्पमुदतीचा पास मिळतो. त्या तीस दिवसांत मी कितीही अर्ज केले तरी निवासींच्या बेरोजगारी दरात मी नाही. एक पास कमी झाला, एवढीच माझी नोंद.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट आणखी अवघड आहे. पुण्यात आठ वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडन्ट पासवर इथे आली. मे २०२१ पूर्वी अशा पासवर परवानगीचं एक पत्र मिळालं की नोकरी करता येत असे. त्यानंतर तिला स्वतःचा वर्क पास मिळवून देणारा मालक शोधावा लागतो. तीन वर्षं ती शोधतेय. चार आठवड्यांची अट ती दर चार आठवड्यांनी पूर्ण करते. कुठल्याही देशाच्या व्याख्येने ती बेरोजगार आहे. पण ती निवासी नाही, म्हणून निवासींच्या दरात नाही. तिच्याकडे कामाचा पास नाही, म्हणून परदेशी कामगारांच्या संख्येत नाही. भारतात ती राहत नाही, म्हणून तिथल्याही पाहणीत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तिला कुणी विचारतं, "तू काय करतेस?" तेव्हा ती म्हणते, "सध्या घरीच." काकूंचं 'नाही' आणि तिचं 'घरीच' ऐकायला सारखं वाटतं. काकूंच्या 'नाही'ला दुरुस्त करणारा एक प्रश्न तरी होता.

आपण हा अहवाल चुकीचा वाचतो, त्याचंही एक उदाहरण देते. नवी नोकरी ठरवताना आपल्यातले लोक सिंगापूरचं मध्यक उत्पन्न शोधून काढतात. २०२४ साठी ते महिना ५,५०० डॉलर होतं. पण ते पूर्णवेळ काम करणाऱ्या निवासींचं आहे आणि त्यात मालकाची सीपीएफ वर्गणी धरलेली आहे. ती वर्गणी ५५ पर्यंतच्या वयाला साधारणतः पगाराच्या १७ टक्के असते आणि पासवरच्या माणसाला मिळतच नाही. म्हणजे आपला पगार ज्या रेषेशी जुळवून आपण खूश किंवा नाराज होतो, ती रेषा आपल्यासाठी आखलेलीच नाही.

नागरिक, निवासी, परदेशी या रेषांवरून इथे वादही झाले आहेत. २००३ मध्ये नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी म्हटलं की आधीच्या पाच वर्षांत चारपैकी तीन नव्या नोकऱ्या परदेशींना गेल्या. मंत्रालयाने ते खोडून काढलं. दहापैकी नऊ निवासींना गेल्या, असा सरकारचा आकडा होता. अर्थतज्ज्ञांनी चूक मान्य केली. चूक होतीच. पण संपूर्ण आकडे एकाच कचेरीत असले की बाहेरच्याने चुकणं आणि आतल्याने बरोबर असणं हे आधीच ठरलेलं असतं. पुढे जानेवारी २०२० मध्ये विरोधी वर्कर्स पार्टीचे प्रमुख प्रीतम सिंग यांनी संसदेत निवासींमधले नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट वेगवेगळे करून आकडे मागितले, तेव्हा मंत्री चॅन चुन सिंग यांनी या प्रश्नामागचा हेतू काय, असं उलट विचारलं. आपल्याला त्या मागणीची थोडी भीती वाटते, हे समजण्यासारखं आहे. आकडा मिळाला की बोट आपल्याकडे वळेल असं वाटतं. पण मला वाटतं, धूसर आकड्यात अफवा जास्त वाढतात.

भारताशी तुलना करताना मी सावध असते. तिथे आजार वेगळा होता. २०१७ पासून सुरू झालेल्या पीएलएफएस या श्रमशक्ती पाहणीचा पहिला अहवाल रखडला, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी, राजीनामे दिले. ६.१ टक्के हा दर अधिकृतपणे बाहेर आला तो निवडणूक झाल्यावर, ३१ मे रोजी. सिंगापूरमध्ये असं होत नाही, आकडा वेळेवर येतो. पण भारताकडे एक जुना शहाणपणाही आहे. १९७० मध्ये मुंबईचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने बजावलं होतं की बेरोजगारीचा एकच एक आकडा आपल्यासारख्या देशाला पुरणार नाही, वेगवेगळ्या गटांची वेगवेगळी स्थिती वेगवेगळी मोजा. त्यातूनच १९७२-७३ च्या फेरीपासून वर्ष, आठवडा आणि दिवस अशा तीन मापांनी मोजणी सुरू झाली. अमेरिकेतल्या वाचकांना हेही माहीत असेल की तिथली दरमहा सुमारे ६० हजार घरांची पाहणी घरात राहणाऱ्याला व्हिसा विचारत नाही आणि परदेशात जन्मलेल्यांचा बेरोजगारी दर वेगळा छापते. म्हणजे परक्याला बेरोजगार म्हणून मोजणं सांख्यिकीला अशक्य नाही.

सिंगापूरला तर ते फारच सोपं आहे. नमुना काढायला आधी यादी लागते. आमचं निम्मं आयुष्य यादी नाही म्हणून रडण्यात जातं. इथे प्रत्येक पासची, प्रत्येक डॉर्मिटरीची यादी मंत्रालयाकडेच आहे. २०१८ मध्ये मंत्रालयाने स्थलांतरित कामगारांच्या अनुभवांची एक पाहणी केलीही होती. पण तिचा भर समाधानावर होता आणि ती या वार्षिक अहवालाचा भाग नव्हती. माझी मागणी छोटी आहे. शीर्षकात 'निवासी' हा शब्द घाला. दर तिमाहीला काम गेल्यामुळे किती पास रद्द झाले, तो आकडा बेरोजगारी दराच्या शेजारी छापा. आणि डॉर्मिटरीतल्या नमुन्याला तेच प्रश्न विचारा जे काकूंना विचारले: गेल्या आठवड्यात किती तास, हवे होते किती, हाती किती आले.

यातलं काही लवकर होईल अशी मला आशा नाही. कारण बेरोजगारीचा दर मुळात सरकारने कुणाला उत्तर द्यायचं आहे, त्यांचा काढला जातो. ज्यांना मत नाही त्यांना उत्तर द्यावं लागत नाही. मग आपल्या हातात वाचणं उरतं. पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर "सिंगापूरमध्ये बेरोजगारी दोनच टक्के" असं आपण अभिमानाने टाकतो, तेव्हा त्या दोन टक्क्यांच्या कडेने किती जण विमानात बसवले गेले, हा प्रश्न निदान आपण तरी विचारू शकतो. तो आपलाही प्रश्न आहे.

काकूंना परवा भेटले. त्यांना पाहणीचं आठवत होतं. "तू मला नोकरीवाली करून टाकलंस," म्हणाल्या. डबे आता आठ झालेत. मी त्यांना माझ्या कराराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग एप्रिलमध्ये तू कशात?" मी म्हटलं, "कशातच नाही, काकू." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "जेवायला तर येशील ना?"